वेंबन्यामाच्या जोडीला पॉइंट गार्ड कोण : फॉक्स, कॅसल की हार्पर?

मध्यरेषा

डी'आरन फॉक्सचा करार ऑगस्ट 2025 मध्ये चार वर्षांनी आणि सुमारे 22.9 कोटी डॉलरनी वाढला. त्यामुळे एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधील सॅन अँटोनियो स्पर्सचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू वर आणून खेळ मांडणारा खेळाडू, कोण हा वाद मिटायला हवा होता, पण माझ्या मते तो खऱ्या अर्थाने आताच सुरू झाला आहे. 2024 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चौथ्या क्रमांकावर घेतलेला स्टेफॉन कॅसल पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला. फेब्रुवारी 2025 मध्ये सॅक्रामेंटोकडून फॉक्स आला आणि जूनच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर डिलन हार्पर हाती लागला. दोन वर्षांपूर्वी ज्या संघाकडे धड एकही पॉइंट गार्ड नव्हता, त्या संघाकडे 2025-26 चा हंगाम तोंडावर आला असताना तीन आहेत आणि तिघांनाही चेंडू हातात असताना खेळणे आवडते.

त्या दोन वर्षांपूर्वीच्या दिवसांची आठवण मुद्दाम करून देतो, कारण माझ्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. 2023-24 मध्ये आपला उंच सेंटर, म्हणजे मुख्यतः रिंगजवळ खेळणारा, व्हिक्टर वेंबन्यामा नवा असताना तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी जेरेमी सोहन या सहा फूट आठ इंच उंचीच्या फॉरवर्डला पॉइंट गार्ड करून पाहिले. वेंबन्यामा रिंगजवळ जागा मिळवून हात वर करून उभा आहे, त्याच्या पाठीशी त्याच्यापेक्षा वीतभर बुटका बचावपटू आहे आणि चेंडू मात्र दुसऱ्याच बाजूला चालला आहे, हे दृश्य आपण सर्वांनी इतक्या वेळा पाहिले की त्याची चीड यायचीही थांबली. पुढे ट्रे जोन्स सुरुवातीच्या पाचांत आला, तो काही मोठा खेळाडू नव्हता, तरी वेंबन्यामाचा खेळ डोळ्यांदेखत सुधारला. त्या हंगामात संघाने 22 सामने जिंकले आणि 60 गमावले. त्यानंतरच्या हंगामात 39 वर्षांचा ख्रिस पॉल आला, सर्व 82 सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, सामन्यामागे 7.4 असिस्ट (थेट गुण मिळवून देणारे पास) देऊन गेला आणि चेंडू वेळेवर व योग्य उंचीवर पोहोचला म्हणजे काय होते हे त्याने दाखवून दिले. 2025 च्या उन्हाळ्यात पॉल लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाकडे परतला.

म्हणून माझा प्रश्न असा की पगार, नाव आणि ज्येष्ठता क्षणभर बाजूला ठेवली, तर वेंबन्यामाबरोबर सर्वाधिक वेळ चेंडू कोणाच्या हातात असावा? माझा स्वतःचा कल कॅसलकडे आहे, कारण बचावात तो या तिघांत निःसंशय सरस आहे आणि वेंबन्यामा त्याच्या पाठीमागे उभा असताना समोरच्या संघाला गुण मिळवणे जवळजवळ अशक्य व्हावे, अशी जोडी बांधता येईल असे मला वाटते. परंतु विरुद्ध मत असलेल्यांनी ते कारणांसह मांडावे. केवळ कोण किती गुण करतो याची यादी नको.

पायपीट

मध्यरेषा, आपला प्रश्न योग्य आहे, पण उत्तर फॉक्स हेच आहे आणि त्याचे कारण त्याच्या गुणांच्या सरासरीत नाही.

फॉक्सबद्दल बोलताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर त्याचा वेग येतो, आणि तो खराच आहे. चेंडू आपल्या रिंगखाली हातात पडल्यापासून समोरचा बचाव मांडला जाण्याआधीच तो पलीकडे पोहोचलेला असतो. परंतु वेंबन्यामाच्या दृष्टीने त्याचा अधिक मोलाचा गुण वेगळाच आहे, तो म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या उंच खेळाडूबरोबर जुळवून खेळण्याची सवय. सॅक्रामेंटोने 2022-23 मध्ये सोळा हंगामांचा बाद फेरीचा दुष्काळ संपवला, तेव्हा त्या संघाचे आक्रमण लीगमध्ये पहिल्या क्रमांकाचे होते आणि त्या आक्रमणाचा कणा डोमांटस साबोनिस हा सेंटर होता. साबोनिस मैदानाच्या वरच्या भागात चेंडू घेऊन उभा राहत असे, गार्ड त्याच्याकडे धावत येत, तो त्यांच्या हातात चेंडू सोपवत असे आणि त्याच क्षणी स्वतःच्या अंगाने बचावपटूची वाट अडवत असे. फॉक्सने हा खेळ त्याच्याबरोबर तीन हंगाम खेळला आहे. आपला मान राखण्यासाठी प्रत्येक वेळी चेंडू स्वतः वर आणलाच पाहिजे, अशी त्याची अट कधीच नव्हती.

वेंबन्यामाला चेंडू कुठे आवडतो, हे आठवून पाहावे. मागच्या हंगामात तो सामन्यामागे जवळजवळ नऊ वेळा तीन गुणांच्या रेषेबाहेरून नेम साधत होता आणि त्यांपैकी सुमारे 35 टक्के नेम लागत होते. त्याला रिंगखाली रोवून ठेवणारा पॉइंट गार्ड नको आहे. तो वर चेंडू घेऊन उभा असताना त्याच्याभोवती योग्य कोनातून पळणारा, त्याच्याकडून चेंडू घेऊन दोन ड्रिबलमध्ये रिंगपर्यंत पोहोचणारा आणि तिथे मदतीला दुसरा बचावपटू आला की चेंडू परत बाहेर देणारा गार्ड हवा आहे. या तिघांत हे काम आजच्या आज करू शकेल असा एकच माणूस आहे.

दुसरी बाब शेवटच्या पाच मिनिटांची. अटीतटीच्या क्षणी सर्वोत्तम खेळाडूचा जो पुरस्कार लीगने 2022-23 मध्ये सुरू केला, त्याचा पहिला मानकरी फॉक्स होता. स्पर्सकडून तो पहिला सामना अटलांटात खेळला, तेव्हा त्याने 24 गुण व 13 असिस्ट केले आणि संघ 126-125 असा एका गुणाने जिंकला. त्या वेळी त्याला या संघाबरोबर धड सराव करायलाही सवड मिळाली नव्हती. पुढे वेंबन्यामाच्या खांद्यातील रक्ताच्या गुठळीमुळे आणि फॉक्सच्या करंगळीवरील शस्त्रक्रियेमुळे ही जोडी पाचच सामने एकत्र खेळली. त्या पाच सामन्यांवरून फॉक्स या संघाला जमत नाही असे जे आज ठासून सांगतात, त्यांनी थोडा धीर धरावा.

हिशेबनीस

पगार बाजूला ठेवा असे मूळ प्रश्नात म्हटले आहे, पण तो बाजूला राहत नाही. फॉक्सचा वाढीव करार 2026-27 पासून लागू होईल. वेंबन्यामाच्या नव्या कराराची वेळ त्याच सुमारास येईल, त्यानंतरच्या वर्षी कॅसलची आणि पुढे हार्परची. तोपर्यंत तिघेही एकत्र आहेत आणि कॅसल व हार्पर यांचे नवोदितांचे करार तुलनेने स्वस्त आहेत. त्यामुळे आता कोणाला तरी निवडून बाकीच्यांना वाटेला लावा, असे जे इतरत्र वाचायला मिळते, त्याला व्यवहाराचा आधार नाही. निर्णयाची खरी वेळ 2027 च्या आसपासची आहे. तोवर चर्चा मैदानापुरती ठेवलेली बरी.

बाकावरचा

पायपीट यांनी फॉक्सची बाजू उत्तम मांडली आहे, तरीही मी मध्यरेषा यांच्या बाजूने उभा आहे. मात्र कॅसलच्या बचावाचे कौतुक करून थांबलो, तर ताकाला जाऊन भांडे लपवल्यासारखे होईल. कॅसलच्या विरोधात खरा मुद्दा त्याच्या बाहेरच्या नेमाचा आहे. पहिल्या हंगामात तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याचे 28.5 टक्केच नेम लागले. त्याचा परिणाम नेमका काय होतो, हे नीट पाहिल्याशिवाय या वादाला अर्थ नाही.

मागच्या हंगामात अनेक संघांनी वेंबन्यामावर आपला सेंटर ठेवलाच नाही. त्याऐवजी खांद्याने भक्कम, पायाने चपळ असा मध्यम उंचीचा फॉरवर्ड त्याच्या अंगाला लावला, जो त्याला चेंडू मिळण्याआधीच दोन पावले मागे ढकलत राही, आणि मोकळा झालेला सेंटर सोहनसारख्या किंवा कॅसलसारख्या, बाहेरून नेम न लागणाऱ्या खेळाडूवर नावापुरता नेमला. नावापुरता म्हणतो, कारण तो सेंटर त्या खेळाडूकडे फिरकतच नसे. तो रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात एक पाय आत, एक पाय बाहेर असा घुटमळत राहायचा. आपल्या खेळाडूच्या हाताच्या अंतरावर नसताना बचावपटूला त्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही, म्हणून तो दोन सेकंद झाले की बाहेर पाय टाकायचा, पुन्हा आत यायचा, आणि वेंबन्यामा वळून रिंगकडे निघाला की समोर उभाच. सामन्याचे चित्रण पुन्हा पाहताना चेंडूकडे न बघता फक्त त्या सेंटरच्या पायांकडे बघावे, म्हणजे संपूर्ण हंगामाची अडचण एका दृष्टिक्षेपात कळते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे नेम लागणारेच चौघे वेंबन्यामाभोवती उभे करायचे. तसे केले तर कॅसल आपोआप बाकावर जातो आणि बचाव पातळ होतो. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे. ज्या खेळाडूवर त्यांनी सेंटर ठेवला आहे, त्यालाच स्क्रीन लावायला, म्हणजे अंगाने बचावपटूची वाट अडवायला, पाठवायचे. कॅसल सहा फूट सहा इंच उंच आणि अंगाने मजबूत आहे. त्याने वर येऊन चेंडू हातात असलेल्या वेंबन्यामासाठी स्क्रीन लावली, तर पट्ट्यात दडलेल्या सेंटरला एक तर बाहेर यावे लागेल किंवा वेंबन्यामाला मोकळा नेम द्यावा लागेल. तो बाहेर आला की कॅसल मोकळ्या पट्ट्यात धावतो, आणि धावत असताना चेंडू घेऊन तो काय करू शकतो हे आपण मागच्या हंगामात पाहिले आहे. ऑल-स्टार सप्ताहांतातील डंक (उडी मारून चेंडू रिंगमध्ये आपटण्याच्या) स्पर्धेत तो दुसरा उगाच आला नव्हता.

आता बचावाकडे येतो. यूकॉन विद्यापीठाच्या 2024 च्या राष्ट्रीय विजेत्या संघात चेंडू बहुतेक वेळ दुसऱ्या गार्डकडे असे आणि प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत धोकादायक गार्डला रोखण्याचे काम कॅसलकडे. त्यामुळे चेंडूशिवाय उपयोगी पडण्याची सवय त्यालाही आहे, ती एकट्या फॉक्सची मिरास नाही. पश्चिम विभागात प्रत्येक आठवड्याला शाय गिल्जस-अलेक्झांडर, लुका डॉनचिच, अँथनी एडवर्ड्स अशांपैकी कोणीतरी समोर उभे ठाकते. त्यांच्यावर सव्वासहा फुटी फॉक्सला सोडायचे आणि मागे वेंबन्यामा आहेच म्हणून निर्धास्त राहायचे, याला मी नियोजन म्हणणार नाही. वेंबन्यामाने प्रत्येक वेळी दुसऱ्याची चूक निस्तरायची ठरवली, तर तिसऱ्या चरणातच त्याच्या खात्यावर चार फाऊल असतील.

माझ्या मते सुरुवात दोघांनीही करावी, परंतु खेळ मांडण्याची जबाबदारी कॅसलकडे द्यावी आणि फॉक्सला त्याच्या आवडीच्या गुण मिळवण्याच्या कामासाठी मोकळे सोडावे.

पायपीट

बाकावरचा यांनी सेंटरच्या पायांबद्दल लिहिले ते शंभर टक्के खरे आहे आणि स्क्रीनचा त्यांचा उपायही मला मान्य आहे. पण फॉक्स बचावात कच्चा आहे हे मान्य नाही. 2023-24 मध्ये सामन्यामागे चेंडू हिसकावण्यात तो संपूर्ण लीगमध्ये पहिला होता. उंची कमी असली तरी त्याचे हात झटपट चालतात आणि त्याने हिसकावलेल्या चेंडूवर पुढच्या तीन सेकंदांत गुण होतात, हेही बचावाचेच फळ आहे. खेळ मांडण्याची जबाबदारी कॅसलकडे देण्याबद्दल मात्र माझी हरकत कायम आहे. सामन्यामागे 4.1 असिस्ट देणारा वीस वर्षांचा मुलगा वेंबन्यामाच्या ऐन बहराच्या काळात शिकत बसावा, एवढी सवड या संघाकडे आहे का?

चोविसावा सेकंद

मूळ प्रश्नानंतरच्या चर्चेत हार्परचे नाव केवळ पगाराच्या ओळीत आले, याचे मला आश्चर्य वाटते, कारण मला विचाराल तर तिघांत जन्मजात पॉइंट गार्ड तो एकटाच आहे.

फॉक्सचा खेळ वेगावर उभा आहे आणि कॅसलचा ताकदीवर. हार्परची हातोटी वेग बदलण्यात आहे. तो स्क्रीनच्या कडेला अंग घासून निघतो, बचावपटूला पाठीवर घेतो आणि मग चक्क थांबतो. मागचा बचावपटू पुढे येऊ शकत नाही, समोरच्या सेंटरला हार्परकडे जावे की रिंगकडे धावणाऱ्या उंच खेळाडूकडे हे ठरवता येत नाही, आणि त्या एका क्षणाच्या संभ्रमात चेंडू वर उचलून देता येतो किंवा कोपऱ्यातल्या नेमबाजाकडे पाठवता येतो. ख्रिस पॉल वीस हंगाम हेच करत आला. पॉल मात्र सहा फुटांचा होता. हार्परला तर सहा फूट पाच इंचांवरून बचावाच्या डोक्यावरचे दिसते. वेंबन्यामासारख्या खेळाडूला उंच फेकलेला चेंडू द्यायचा असेल, तर देणाऱ्याला तो समोरच्या हातांवरून द्यावा लागतो, आणि तिथे देणाऱ्याची उंची कामाला येते.

रटगर्स विद्यापीठात त्याने सामन्यामागे 19.4 गुण केले तरी संघाने 15 सामने जिंकले आणि 17 गमावले, हे त्याच्याविरुद्ध नेहमी पुढे केले जाते. परंतु त्या संघात बाहेरून नेम लावणारे फारसे कोणी नव्हते. हार्पर पट्ट्यात शिरायचा तेव्हा समोर दोन-तीन बचावपटूंची भिंत असायची आणि तरीही तो रिंगपर्यंत पोहोचायचा. डेव्हिन व्हॅसेल, हॅरिसन बार्न्स आणि ज्युलियन शॅम्पेनी बाहेर उभे असताना तीच भिंत विरळ होईल.

एक बारीक गोष्ट आणखी आहे, जिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. फॉक्स आणि हार्पर दोघेही डावखुरे आहेत. दोघांनाही डावीकडे निघायला आवडते आणि समोरचे संघ दोघांनाही उजवीकडेच ढकलतात. ही जोडी एकत्र खेळवली तर मैदानाच्या एकाच बाजूला गर्दी होण्याचा धोका आहे. उलट कॅसल उजव्या हाताचा असल्याने त्याची जोडी या दोघांपैकी कोणाशीही जुळते. म्हणून फॉक्सबरोबर कॅसल, आणि ते दोघे विश्रांती घेत असताना संपूर्ण सूत्रे हार्परकडे, अशी विभागणी मला पहिल्या वर्षापुरती मान्य आहे. पहिल्या वर्षापुरतीच.

मध्यरेषा

सर्वांचे आभार. पायपीट यांनी साबोनिसचे जे उदाहरण दिले त्याचा मी या बाजूने विचार केला नव्हता, आणि ते पटण्यासारखे आहे. तरीही एक शंका उरते. साबोनिसकडून चेंडू घेऊन फॉक्स निघायचा, तेव्हा बचावपटूने स्क्रीनच्या खालून जाऊन त्याची वाट अडवायची की वरून जाऊन त्याला बाहेरचा नेम नाकारायचा, हा प्रश्न समोरच्या संघाला पडत असे. 2023-24 मध्ये फॉक्सचे तीन गुणांचे जवळजवळ 37 टक्के नेम लागले, त्या वर्षी खालून जाण्याची किंमत मोजावी लागत होती. पुढच्याच हंगामात हे प्रमाण 31 टक्क्यांच्या आसपास घसरले, आणि करंगळीच्या दुखण्याचा त्यात वाटा असला तरी त्याच्या संपूर्ण कारकिर्दीचा आकडा 33 टक्क्यांच्या आसपासच आहे. म्हणजे फॉक्स व कॅसल दोघेही सुरुवातीला खेळले आणि दोघांच्याही बाबतीत बचाव खालूनच जाऊ लागला, तर बाकावरचा यांनी वर्णन केलेला तो घुटमळणारा सेंटर पुन्हा जिथल्या तिथे. या जोडीबद्दल मला खरी धास्ती आहे ती याची. कोणाचा बचाव सरस, हा त्यापुढे दुय्यम प्रश्न आहे.

जुना गडी

या संघाच्या इतिहासात हा प्रश्न पहिल्यांदा आलेला नाही. 2001 मध्ये 28 व्या क्रमांकावर टोनी पार्करला घेतले आणि काही सामन्यांतच, एकोणीस वर्षांचा असताना, सुरुवातीच्या पाचांत उभे केले. टिम डंकन तेव्हा लीगमधील सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होता आणि त्याच्या ऐन उमेदीच्या वर्षांत हा पोरगा शिकत बसणार का, असाच सवाल तेव्हाही विचारला गेला. पायपीट यांचे वाक्य वाचून मला त्याचीच आठवण झाली.

उत्तर सरळ आले नाही. 2003 मध्ये न्यू जर्सीला सहा सामन्यांत हरवून स्पर्स विजेते झाले, तेव्हा अखेरच्या सामन्याचा निर्णायक भाग पार्करने बाकावरून पाहिला. त्याच्या जागी स्पीडी क्लॅक्स्टन खेळत होता आणि त्याने 13 गुण केले. त्याच उन्हाळ्यात, म्हणजे विजेतेपदाचा आनंद ओसरण्याआधीच, संघाने समोरच्या संघाचा पॉइंट गार्ड जेसन किड याला बोलावून घेतले आणि त्याने नकार दिला म्हणून पार्करची जागा टिकली. चारच वर्षांनी 2007 च्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडू पार्कर ठरला. त्या चार वर्षांत पॉपोविच त्याच्यावर जितके ओरडले, तितके बहुधा दुसऱ्या कोणावर ओरडले नसतील.

ही जुनी कहाणी सांगण्याचे कारण असे की सुरुवात कोण करतो, चेंडू कोण वर आणतो आणि शेवटच्या मिनिटांत मैदानावर कोण असतो, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि या संघाने त्यांची निरनिराळी उत्तरे देण्यात कधी कमीपणा मानला नाही. मनू जिनोबिली कारकिर्दीचा मोठा भाग बाकावरून आला. 2008 मध्ये सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला, तेव्हा तो संघातील पहिल्या तिघांत होता यात कोणालाही शंका नव्हती. हार्परला बाकावर बसवणे म्हणजे त्याचा अपमान, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्याच्या घरातही याचे उदाहरण आहे. त्याचे वडील रॉन हार्पर क्लिपर्समध्ये सामन्यामागे वीस गुण करत असत, शिकागोत आल्यावर त्यांनी गुण कमी आणि बचाव जास्त असे काम पत्करले आणि शिकागो व लॉस एंजेलिस मिळून पाच विजेतेपदे घेतली.

मध्यरेषा यांच्या धास्तीबद्दल दोन शब्द. फॉक्स व कॅसल यांच्यासोबत वेंबन्यामा आणि दोन खात्रीचे नेमबाज, म्हणजे व्हॅसेल आणि बार्न्स किंवा शॅम्पेनी, एवढे गणित जुळवले तर मैदान तितके आकुंचित होणार नाही, कारण सेंटरच्या जागी उभा असलेला आपला खेळाडू स्वतःच बाहेरून नेम लावतो. अडचण तेव्हा येईल, जेव्हा या दोघांबरोबर सोहनही खेळेल. ते तिघे एकत्र मी तरी खेळवणार नाही. 2025 च्या उन्हाळ्यात आणलेल्या ल्यूक कॉर्नेट या सेंटरबाबतही काळजी घ्यावी लागेल. तो स्क्रीन उत्तम लावतो, पण बाहेर उभा राहून बचाव ताणण्याचे काम त्याचे नाही, ते केली ओलिनिकचे आहे. म्हणून कॉर्नेट मैदानावर असेल, तेव्हा त्याच्या जोडीला हार्पर आणि दोघेतिघे नेमबाज असावेत.

बाकावरचा

जुना गडी यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. वेंबन्यामा स्वतः बाहेर उभा राहून सेंटरची जागा रिकामी करतो हे माझ्या लिहिण्यात यायला हवे होते. फक्त तो सतत बाहेरच उभा राहिला तर समोरचे संघ खूश होतील. त्याने सामन्यामागे नऊऐवजी सहा-सात वेळा बाहेरून नेम धरावा आणि उरलेला वेळ स्क्रीन लावून रिंगकडे धावावे. ते घडवून आणणे हे गार्डचे काम आहे. वेंबन्यामा स्क्रीन लावून धावला आणि चेंडू आलाच नाही, असे सलग तीनदा झाले, तर चौथ्या वेळी तो धावणार नाही, बाहेरच थांबेल. सोहनच्या काळात नेमके हेच होत होते.

चोविसावा सेकंद

आणि म्हणूनच हार्पर.

पायपीट

हार्पर येईल तेव्हा येईल. मिच जॉन्सन आता पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक झाले आहेत. त्यांच्या जागी मी असतो तर पहिल्या वीसेक सामन्यांसाठी मिनिटांची वाटणी अशी केली असती. फॉक्स, कॅसल, व्हॅसेल, बार्न्स आणि वेंबन्यामा सुरुवात करतील आणि पहिली सहा-सात मिनिटे चेंडू फॉक्सकडे असेल, कारण त्या वेळी समोरचा बचाव ताजा असतो आणि त्याला पळवून दमवणे महत्त्वाचे. त्यानंतर फॉक्स बाहेर जाईल, हार्पर येईल आणि चरणाचा उरलेला भाग कॅसल बचाव सांभाळेल तर हार्पर खेळ मांडेल. वेंबन्यामाला यातली काही मिनिटे हार्परबरोबर मुद्दाम ठेवायची, म्हणजे चोविसावा सेकंद म्हणतात त्या गोष्टीची परीक्षाही होईल. दुसऱ्या चरणाच्या सुरुवातीला वेंबन्यामा विश्रांती घेत असताना फॉक्स कॉर्नेटबरोबर परत येईल.

शेवटच्या पाच मिनिटांत फॉक्स आणि वेंबन्यामा नक्की. तिसरी जागा समोर कोण आहे त्यावर ठरेल. गिल्जस-अलेक्झांडर किंवा एडवर्ड्स असेल तर कॅसल, आणि समोरचा संघ वेंबन्यामाला दोघांनी घेरत असेल तर एक नेमबाज जास्त. मध्यरेषा यांची धास्ती खरी ठरली आणि डिसेंबरपर्यंत फॉक्सचा बाहेरचा नेम 33 टक्क्यांच्याही खाली राहिला, तर मग बाकावरचा यांची स्क्रीनची योजना मुख्य आक्रमण म्हणून वापरावी लागेल, आणि त्या परिस्थितीत चेंडू वेंबन्यामाच्याच हातात असेल, मग पॉइंट गार्ड कागदावर कोणीही असो.